टेकाडातलं मीठ

आमच्या प्रयोगात दर हिवाळ्यात एका माणसाला वाळीत टाकतात. त्या वर्षी माझी पाळी आली.

‘वाळीत’ हा माझा शब्द. बाकीचे त्याला ‘मीठ घालणं’ म्हणतात. यंत्रातून आलेल्या कणांच्या खऱ्या टकरींच्या नोंदींत एकानं गुपचूप थोड्या बनावट नोंदी मिसळायच्या. म्हणजे नवा कण शोधणाऱ्यांना दिसतंय ते खरं की मीठ, हे शेवटपर्यंत कळत नाही आणि मनासारखं उत्तर दिसलं की तिथंच काम थांबवायचा मोह होत नाही. शास्त्रज्ञ हा प्राणी दुसऱ्याला फसवायला गेला तर लगेच सापडतो, पण स्वतःला फसवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. म्हणून ही व्यवस्था.

मीठवाली कोण हे सगळ्यांना माहीत असतं. मीठ घातलं का आणि कुठं घातलं, हे फक्त तिला. वसंतात एका शुक्रवारी सगळ्यांदेखत ते काढतात. तोवर तिनं कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, बैठकीला जायचं नाही आणि कॅन्टीनमध्ये वेगळ्या टेबलावर जेवायचं, कारण चेहरा चुगली करतो. हवेवर बोललेलं चालतं. आम्ही इलिनॉयची माणसं, एरवी तरी दुसरं काय बोलतो?

माझं टेबल खिडकीपाशी होतं. तिथून कुंपणापलीकडे बर्फात उभे असलेले, लॅबनं पाळलेले बायसन गवे दिसत. मी ट्रे ठेवला की गिडियन नावाचा आमच्यातला एक आगाऊ पोरगेला शास्त्रज्ञ शेजारच्या टेबलावरची मिठाची डबी उचलून माझ्यापुढे आणून ठेवायचा आणि म्हणायचा, “तुम्हाला कमी पडायला नको, लॉर्नाबाई.” पहिल्या दिवशी मी हसले. महिन्याभरानं ती डबी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटायला लागली. पण खरं सांगायचं तर दिवसभरात माझ्याशी तेवढंच एक वाक्य बोललं जायचं, आणि तो एक दिवस आला नाही तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

घरी तरी कोण होतं? रे, माझा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्याच्यामागं मी दाराला आतून कडी लावून बसले असताना एका शुक्रवारी लॅबमधला ऑल्डन प्राउटी दारात उभा राहिला. सांत्वनाचा शब्द नाही, काही नाही. म्हणाला, यूकर खेळायला भिडू हवाय, कोट घाल. गावात माजी सैनिकांचा हॉल आहे, तिथं दर शुक्रवारी तळलेल्या माशाची पंगत असते आणि मग पत्ते, जोडीजोडीनं खेळायचा यूकर. त्या दिवसापासून आम्ही भिडू. आजारपण आणि वादळं सोडली तर एक शुक्रवार चुकला नाही. मीठवाली झाले आणि तो शुक्रवारही बंद झाला, कारण ऑल्डन कण शोधणाऱ्यांपैकीच होता.

ऑल्डननं मला हे काम शिकवलं. आता तो सत्तरी ओलांडून गेलेला, विद्यापीठातून निवृत्त, बायको गेलेली. आदल्या उन्हाळ्यात घर विकून तो लॅबच्या आवारातल्या पाहुण्यांच्या खोलीत राहायला आला होता. लांब वाळवंटातल्या टूसॉनला त्याच्या मुलीनं, जुडिथनं, त्याच्यासाठी खोली तयार ठेवली होती. हातातलं काम संपलं की येतो, असा त्यानं तिला शब्द दिला होता. लॅबचा नियमही तसाच. निवृत्त माणसाचा बिल्ला चालतो तो त्याच्या नावावर चालू काम असेपर्यंत. काम संपलं की बिल्ला गेला, आणि बिल्ल्याबरोबर खोलीही.

आणि त्याचं काम होतं एका कणाचं. नेहमीच्या कणांत क्वार्क, म्हणजे त्यांच्या पोटातले बारके कण, असतात ते तिघं तरी किंवा जोडीनं तरी. प्रोटॉनमध्ये तिघं, केऑनमध्ये दोघं. पाच जणांचा संसार असतो का, हा ऑल्डनचा प्रश्न. कणांचा वेगवान झोत लक्ष्यावर आपटला की त्या धक्क्याच्या ऊर्जेतून क्षणभर नवी वस्तू जन्माला येते. पाच क्वार्क एकत्र आलेच तर ते एकमेकांना धड ओळखायच्या आत पांगतात. जन्मलेल्या जागेवरून तो कण हलतसुद्धा नाही. त्याला कोणी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. पांगलेले तुकडे डिटेक्टरमधून बाहेर जाताना दिसतात, त्यांच्या वेगावरून मागं हिशेब करत यायचं आणि म्हणायचं, इथं कोणीतरी होतं. असे हिशेब आलेखावर मांडले आणि एकाच वजनापाशी गर्दी झाली की टेकाड दिसतं. त्यातही जो फार थोडा जगला त्याचं वजन नेमकं नसतंच, टेकाड पसरट येतं. ऑल्डन म्हणायचा, बिचाऱ्याला आपण किती जड आहोत हे ठरवायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

तरुणपणी त्याला असं एक टेकाड दिसलं होतं. त्यानं ते छापलं, नाव झालं. पुढं दुसऱ्यांनी शोधलं तर काहीच नाही. इतरांनी चूक काढायच्या आत ऑल्डननं स्वतः उभं राहून सांगितलं की माझं चुकलं. तेव्हापासून तो आमच्यातला सगळ्यांत कडक माणूस. दुसऱ्यांची टेकाडं त्यानं एवढी भुईसपाट केली होती की त्याला बघितलं की पोरं आलेख झाकून ठेवायची. त्याच्या आयुष्यात आलेखावर जाणूनबुजून ठेवलेली एक खोटी रेघ कोणी दाखवावी.

मीठ कोणाच्या शोधात पडणार हे माणसानं ठरवायचं नसतं, फासे टाकतात. मी टाकले. ऑल्डनच्या शोधाचा आकडा आला. मी फाशांकडे बघत बसले. परत टाकले असते तर कोणाला कळलं नसतं, पण ज्यानं मला हे काम शिकवलं त्याच्यासाठीच ते वाकडं करायचं म्हणजे फारच झालं. मी मीठ घातलं.

जानेवारीत बैठकीच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर त्याचा आलेख लागला आणि त्यावर टेकाड होतं, मी रचलेलं, अगदी घातलं होतं तिथं. पोरं त्याच्याभोवती जमली. गिडियन म्हणाला, “ऑल्डन, मिठाचा वास येतोय हां.” ऑल्डन म्हणाला, “असेल. वसंतात कळेल.” पण चेहरा फुललेला. दुसऱ्या दिवसापासून तो दाढी करून यायला लागला. गळ्यात टाय. जो माणूस दहा वर्षं एकच स्वेटर घालत होता तो रोज दुपारी बरोबर माझ्या वेळेला कॅन्टीनमध्ये येऊन समोरच्या रांगेत बसायचा, सूप प्यायचा, आणि ट्रे ठेवायला जाताना माझ्या टेबलाशी थांबून हवेबद्दल एक वाक्य बोलायचा. “आज उणे वीस.” “दुपारून थांबेल म्हणतात.” मी मान हलवायची. एवढ्या वर्षांनी त्याला त्याचा कण सापडला होता, आणि तो कण मी एका मंगळवारी सकाळी कॉफी पिता पिता तयार केला होता.

फेब्रुवारीत त्याहून वाईट झालं. माझीच चूक माझ्या लक्षात आली.

ऑल्डनचा कण असलाच तर त्याला पांगायला दोन दारं आहेत. एका दारानं प्रोटॉन आणि तटस्थ केऑन बाहेर पडतात, दुसऱ्या दारानं न्यूट्रॉन आणि धन केऑन. खरा कण दोन्ही दारांनी सारखाच जातो. न्यूट्रॉन दिसायला महाकठीण, त्यामुळं दुसऱ्या दाराकडे सहसा कोणी फिरकत नाही. आणि मी, इतक्या वर्षांच्या अनुभवाची बाई, मीठ घातलं ते पहिल्याच दारात. दुसरं विसरले. म्हणजे कोणी दुसरं दार उघडून पाहिलं असतं तर तिथं सपाट जमीन दिसली असती आणि मीठ तिथल्या तिथं उघडं पडलं असतं.

मला धसका बसला तो माझ्या चुकीचा नाही. ऑल्डननं ते दार उघडून पाहिलं नव्हतं, याचा. मला पहिल्या वर्षी त्यानं शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती. म्हणाला होता, टेकाड दिसलं की आधी दुसऱ्या दाराशी जा. पाहुणा खरा असेल तर तिथूनही गेलेला असतो. तो माणूस टाय लावून, भिंतीवर आलेख टांगून, दर आठवड्याला त्यात नवी माहिती भरत होता, आणि दुसऱ्या दाराचं नाव नाही. मी घरी येऊन स्वयंपाकघरात कोटासकट बसून राहिले. म्हातारा झाला, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं. वसंतात मीठ निघेल, टेकाड जाईल, आणि मग कोणीतरी आगाऊ पोरगा विचारेल की दुसरं दार का नाही पाहिलंत? सगळ्यांदेखत, त्यालाच.

नियम सांगत होता गप्प बस. मी ठरवलं, नियम गेला चुलीत.

संधी पार्किंगमध्ये मिळाली. त्याची गाडी थंडीनं सुरू होत नव्हती. मी माझी गाडी समोर आणून लावली, दोघांनी बॅटरीला तारा जोडल्या. आसपास चिटपाखरू नव्हतं.

“ऑल्डन,” मी म्हटलं, “तुझ्या त्या आलेखाचं—”

“वारा उत्तरेचा आहे,” तो म्हणाला.

“वाऱ्याचं राहू दे. मला तुला एक सांगायचंय, आणि ते आत्ताच सांगायला हवं.”

त्यानं बॉनेटवरचा हात काढला. हातमोज्याला भोक पडलेलं होतं. “लॉर्ना, हा डाव मी एकटा खेळतोय.”

यूकरमध्ये हे म्हणायची रीत आहे. पानं फार चांगली असली की खेळणारा जाहीर करतो, एकटा. मग त्याच्या भिडूनं आपली पानं पालथी घालायची आणि डाव संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. जिंकला तर दुप्पट गुण. इतक्या शुक्रवारांत ऑल्डननं असं म्हटलं की मी मुकाट पानं ठेवलेली होती. त्या दिवशीही ठेवली. त्याची गाडी सुरू झाली, त्यानं तारा गुंडाळून माझ्या हातात दिल्या आणि तो गेला. मी आत बसून हीटर लावला आणि त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. अडेलतट्टू, आंधळा, म्हातारा गाढव. कोणी ऐकायला नव्हतं.

ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी आमच्याकडे पोलिश लोकांचे भरलेले डोनट वाटतात, पॉन्च्की. ऑल्डननं मोठा खोका आणला. सगळ्यांना वाटले. माझ्या टेबलाशी आला, कागदात गुंडाळलेला एक ठेवला आणि म्हणाला, “वितळायला लागलंय.” मला वाटलं बर्फाबद्दल म्हणाला. आलुबुखाराचा होता, मला आवडतो तो. मी तो दोन दिवस पुरवून खाल्ला.

शेवटी तो शुक्रवार आला. बैठकीची खोली भरलेली, मागं काही जण उभे. प्रयोगाची प्रमुख मारिसोल किन्तेरो पडद्याशी उभी राहिली. तिनं एकेका शोधाचा आलेख दाखवायचा, मला विचारायचं, “इथं मीठ?” आणि मी हो किंवा नाही म्हणायचं. चार शोधांना मी नाही म्हटलं. पाचवा आलेख ऑल्डनचा. टेकाड चांगलं वाढलं होतं, गुबगुबीत. खोलीत हालचाल थांबली. ऑल्डन पहिल्या रांगेत बसला होता, टाय लावून.

“इथं मीठ?”

मी त्या टायकडे बघत होते. मारिसोलनं परत विचारलं. मी “हो” म्हटलं आणि कळ दाबली.

टेकाड खाली बसलं. काही राहिलं नाही, गवत कापल्यावर मैदान दिसावं तसं. कोणीतरी हळूच श्वास सोडला. गिडियन उठून ऑल्डनच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला, आणि त्या वेळी तो पोरगा मला पहिल्यांदा आवडला. दुसऱ्या दाराबद्दल कोणी विचारलं नाही. मारिसोलनं रिवाजाप्रमाणं मिठाची डबी मला दिली, बुडाला आधीच्या मीठवाल्यांची नावं कोरलेली, आणि म्हणाली, “सुटलीस.” लोक टाळ्या वाजवून केक खायला गेले. ऑल्डनकडे बघणं सगळेच टाळत होते.

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. सगळा हिवाळा काय बोलायचं ते मनात घोळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

“आता बोलायला परवानगी आहे ना?” त्यानं विचारलं.

“आहे. ऑल्डन, मला माफ—”

“दुसरं दार विसरलीस तू.”

“काय?” मी म्हटलं.

“पहिल्याच आठवड्यात पाहिलं,” तो म्हणाला. “सपाट. म्हटलं, हिला मी एवढं शिकवलं आणि ही दुसरं दार विसरली. लाज वाटली मला.”

“तुला माहीत होतं? जानेवारीपासून?” माझा आवाज चढला. केकपाशी दोघातिघांनी वळून पाहिलं. “मी इथं हिवाळाभर जळतेय, मला वाटलं तुझी बुद्धी गेली, मी रडले तुझ्यासाठी, मूर्ख माणसा. बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर काम संपलं असतं.” तो सपाट आलेखाकडे बघत होता. “काम संपलं की बिल्ला. मग टूसॉन. जुडिथ चांगली आहे गं, खोलीही चांगली आहे. पण तिथून तुझं टेबल दिसत नाही.”

मी हातातली मिठाची डबी मांडीवर ठेवली.

“दोन माणसं एका शब्दानं बोलू शकत नाहीत, तरी रोज एकमेकांसमोर सूप पितात,” तो म्हणाला. “मला तेवढं पुरत होतं. त्यात भिंतीवर ते तू केलेलं काहीतरी होतं. मी रोज त्यात थोडी माहिती भरायचो. मला वाटलं तुला कळलं असेल. आलुबुखाराचा पॉन्च्की कोण कोणाला देतं?”

माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. पार्किंगमधला डाव. मी तोंड उघडलं असतं तर त्याला खरं मानावं लागलं असतं, आणि खरं मानलं की ऑल्डन प्राउटी ते लपवू शकला नसता. म्हणून त्यानं माझं तोंड बंद केलं. ज्यानं आयुष्यभर एक रेघ खोटी ठेवली नाही, त्यानं सबंध हिवाळा खोटं टेकाड भिंतीवर सांभाळलं, माझ्या समोरच्या रांगेत बसता यावं म्हणून. आणि मी त्याला म्हातारा समजून रडत होते. रागावू की काय करू मला कळेना. मी त्याचा हात धरला. रे गेल्यापासून मी कोणाचा हात धरलेला नव्हता.

“कधी निघतोस?” मी विचारलं.

“रविवारी. तिकीट जुडिथनंच काढलंय.”

“थांब म्हटलं तर?”

“तिला शब्द दिलाय.” मग टायची गाठ सैल करत म्हणाला, “हे आधीच्या एखाद्या शुक्रवारी म्हणाली असतीस तर दिला नसता.”

मी तरी का म्हटलं नाही? इतके शुक्रवार होते. दर शुक्रवारी वाटायचं की पुढचा आहेच.

संध्याकाळी आम्ही हॉलवर गेलो. दारातला माणूस म्हणाला, “आलात? आम्हाला वाटलं मेलात दोघं.” मासा, कोबीचं कोशिंबिरीसारखं ते पांचट सॅलड, राय ब्रेड, सगळं होतं तसं. समोर नेहमीचं जोडपं बसलं, मक्याचे शेतकरी, पत्त्यांत महापक्के. आम्ही हरत चाललो होतो. मग एका वाटपात मी पानं उचलली तर बदाम आणि चौकट असे दोन्ही लाल गुलाम, बदामचा एक्का आणि राजा, आणि वर बाहेरचा एक एक्का. बदाम हुकूम ठरला, आणि यूकरमध्ये हुकूम लाल असला की दोन्ही लाल गुलाम सगळ्यांच्या वर. असली पानं आयुष्यात दोनदा येतात. असल्या पानांवर एकटं खेळायचं हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. दुप्पट गुण, आणि आम्ही जिंकलो असतो.

तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते. ऑल्डननं तर पानं पालथी घालायला हात पुढं केला होता.

“भिडूबरोबर,” मी म्हटलं.

पाचही हात माझेच झाले. त्याच्या एकाही पानाची गरज पडली नाही. गुण एकेरी मिळाले आणि पुढच्याच वाटपात आम्ही हरलो. शेतकऱ्याची बायको पानं गोळा करताना माझ्याकडे कीव येऊन बघत होती.

“ती पानं हातात असताना एकटी का नाही खेळलीस?” ऑल्डननं विचारलं.

“हिवाळाभर तेच खेळले की,” मी म्हटलं.

ऑल्डन पत्ते माझ्याकडे सरकवून म्हणाला, “वाट. अजून हॉल बंद व्हायला वेळ आहे.”